कमानीवरचा मोडका आकडा : तालुक्याच्या जुन्या मुन्सफीचं एक प्रकरण

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या शिवेवर एक तालुक्याचं गाव आहे. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. इमारतीच्या ताब्याचे कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरताहेत आणि त्यात मला कुणाला अडचणीत आणायचं नाही. एसटी स्टँडवरून बाजाराकडे चालत निघालं की दोन्ही बाजूंना माळवदाची घरं, खताची दुकानं, चहाच्या टपऱ्या लागतात. मग एकाएकी डाव्या हाताला छातीएवढ्या जोत्यावर काळ्या पाषाणाची इमारत उभी दिसते. नऊ पायऱ्या, पाच कमानी, कमानींमागे खोल वऱ्हांडा आणि त्यामागे उंच छताचं मोठं दालन. न्यायालयाच्या पाटीवर कितीतरी वर्षं ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ असं लिहिलेलं होतं, पण गाव तिला आजही मुन्सफीच म्हणतं. रिक्षावाल्याला ‘मुन्सफीपाशी सोडा’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

न्यायालय बायपासजवळच्या नव्या इमारतीत गेलं आणि ही रिकामी झाली. दोन पावसाळे गेले, नि तिच्या दारावर नोटीस लागली : इमारत जीर्ण व धोकादायक, भूकंपामुळे भिंतींना तडे, सबब पाडण्यात येत आहे. त्या जागी दुकानांचे गाळे आणि वर सभागृह अशी योजना होती. गावातल्या तीन ज्येष्ठ वकिलांनी मला फोन केला. मी लातूरला स्थापत्य अभियंता आहे, जुन्या बांधकामाची कामं करते. ‘बाई, पाडायचीच असंल तर पाडू द्या, पन खरंच पडायला झालीय का ते तरी बघून जावा,’ असं त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर वकीलसाहेबांनी सांगितलं. तेवढ्या एका प्रश्नासाठी मी गेले आणि पुढचं दीड वर्ष जात राहिले.

भीती कुठून आली

या भागात दगडी भिंतीबद्दल बोलायचं तर किल्लारीच्या भूकंपापासूनच सुरुवात करावी लागते. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराच्या दगडमातीखाली. मी तेव्हा लहान होते. आमच्या घरी नंतर कितीतरी दिवस सगळे अंगणात झोपायचे, पावसातसुद्धा ताडपत्रीखाली. तेव्हापासून इथल्या माणसाच्या मनात ‘दगडी’ म्हणजे ‘मारणारी’ असं घट्ट बसलं आहे, आणि त्या भीतीला मी कधीही खोटं म्हणणार नाही.

पण किल्लारी-सास्तूरच्या घरांच्या भिंती का पडल्या हे पाहिलं पाहिजे. त्या भिंती दोन पदरी होत्या : आत एक दगडाचा थर, बाहेर एक, मधे माती आणि कपऱ्यांचा भराव. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, जोडायला चुना नाही, नुसता चिखल. वर दरसाल नव्याने माती टाकून जडावलेलं माळवद. हादरा बसला तसे दोन्ही पदर फाकले आणि छप्पर मधे कोसळलं. मुन्सफीची भिंतही दोन फुटांहून जाड आणि दगडीच आहे. म्हणून पहिला प्रश्न हाच होता की तिच्या पोटात काय आहे.

त्यासाठी आधी भिंत फोडावी लागली नाही. वऱ्हांड्याच्या मागच्या, गिलावा नसलेल्या भिंतीवर ठरावीक अंतरावर एकेक दगड वेगळा दिसतो. बाकीचे दगड आडवे लांब, आणि हा चौकोनी तोंडाचा. तोच दगड आतल्या बाजूला, त्याच उंचीवर, पुन्हा तोंड दाखवतो. म्हणजे तो आरपार गेलेला आहे. मग सांध्यातला मसाला. सोबत आलेल्या तरुण वकिलाने शेजारच्या टपरीवरून लिंबू आणलं. सांध्यातला चिमूटभर चुरा हातावर घेऊन त्यावर लिंबू पिळलं, तसे बारीक बुडबुडे येऊन तो फसफसला. चुना. नंतर रीतसर आम्लाने तपासलं, दोन ठिकाणी दगड काढून आतला गाभाही पाहिला : चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, कुठे पोकळी नाही. पण गावातल्या लोकांना पटलं ते लिंबानेच. दुसऱ्या दिवशी चार मुलं लिंबं घेऊन आपापल्या घरच्या भिंतींचे सांधे तपासत हिंडत होती.

राहिला नोटिशीतला तो तडा. वायव्य कोपऱ्यात, खिडकीच्या वरपासून छतापर्यंत तिरका गेलेला, बोट जाईल एवढा रुंद. ‘भूकंपाचा तडा’ म्हणून सगळं गाव तो दाखवायचं. मी टॉर्च धरून त्याच्या आत पाहिलं. भिंतीवर रंगाचे थर किती, हे तड्याच्या कडेला पुस्तकाच्या पानांसारखं दिसतं : खाली पांढरी सफेती, मग निळसर, मग पिवळी, पुन्हा पांढरी आणि सगळ्यात वर फिका गुलाबी डिस्टेंपर. तडा 1993 चा असता तर नंतरच्या रंगाचे ओघळ त्याच्या आत उतरले असते. आत एकाही रंगाचा थेंब नव्हता. थर कडेला स्वच्छ तुटलेले होते, गुलाबीसुद्धा. आणि गुलाबी रंग भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी दिला, हे तिथे बेलिफ म्हणून आयुष्य काढलेल्या काकांना पक्कं आठवत होतं, कारण त्या आठवड्यात फाइली डोक्यावर घेऊन त्यांनीच बाहेर काढल्या होत्या.

मग तडा कशाचा? त्या कोपऱ्याच्या बाहेर, पायाला चिकटून, नंतर बांधलेलं स्वच्छतागृह आहे. त्याची पाइप जमिनीखाली फुटलेली होती. इथली जमीन काळी. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात वाळून भेगाळते. बांधणाऱ्यांनी पाया मुरमापर्यंत नेला होता, पण कोपऱ्यात बारा महिने पाणी मुरत राहिलं तर मुरूम तरी किती सोसणार. आम्ही तड्यावर काचेच्या चार पट्ट्या प्लास्टरने चिकटवल्या आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. पहिल्याच पावसाळ्यात चारही तडकल्या. तडा हलत होता, हे खरंच होतं. पण त्याचं कारण भिंतीत नव्हतं, तिच्या पायाशी होतं.

खरा धोका वेगळ्याच जागी निघाला, तो म्हणजे छतात. हे छत लोखंडी गर्डर टाकून, दोन गर्डरांच्या मधे विटांच्या बसक्या कमानी वळवून, वर चुन्याचा कोबा करून केलेलं आहे. अशा छताचा जीव गर्डरच्या टोकांत असतो, जिथे ते भिंतीत शिरतात. कोब्याला सुरुवातीला पाण्याचा उतार होता, दगडी पन्हाळी होत्या. गळायला लागल्यावर कुणीतरी वरून सिमेंटचा थर दिला, पुढे डांबर, पुन्हा सिमेंट. उतार गेला, पन्हाळी बुजल्या, कठड्यात पिंपळ रुजला. पाणी साचून भिंतीच्या माथ्यातून गर्डरच्या टोकांपर्यंत गेलं. न्यायाधीशांच्या खोलीवरचे दोन गर्डर टोकाशी इतके गंजले होते की हातोडी मारली तर पापुद्रेच गळून पडले. म्हणून अहवालात मी सरळ लिहिलं : मुख्य दालन आणि वऱ्हांडा सुस्थितीत, न्यायाधीशांची खोली आज वापरास अयोग्य, तिला ताबडतोब टेकू द्यावेत. ‘सगळंच ठणठणीत आहे’ असं लिहिलं असतं तर वकीलसाहेब खूश झाले असते, पण उद्या कुणाच्या डोक्यावर वीट पडली असती.

सातशे वर्षांचं न्यायालय

दर्शनी कमानीच्या माथ्यावर एक शिळा आहे. तिच्यावर उर्दूत दोन ओळी आणि खाली साल. सालाचे पहिले तीन आकडे स्वच्छ वाचता येतात : एक, तीन, तीन. चौथ्याचा वरचा टवका उडालेला. गावात कुणीतरी कधीतरी ते 1331 वाचलं आणि तेच रुजलं. शाळेच्या निबंधांत, ग्रामदैवताच्या जत्रेच्या पत्रिकेत, इतकंच काय वऱ्हांड्यातल्या एका रंगवलेल्या फळीवरही ‘सातशे वर्षांपूर्वीचे न्यायालय’ असं आलं. इसवी सन 1331 म्हणजे मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादेला आणल्यानंतर चार वर्षांनी. त्या काळात लोखंडी गर्डर कुठून येणार?

शिळेवर सालाच्या मागे एक शब्द आहे, तो मोलाचा. गावातल्या मशिदीशेजारी राहणारे, लहानपणी उर्दू माध्यमात शिकलेले एक चाचा शिडीवर चढून हात फिरवत म्हणाले, ‘ये फसली लिक्खा है ना, बेटी.’ हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि निजाम सरकारचा कारभार फसली सालावर, म्हणजे सारावसुलीसाठी पिकांच्या हंगामावरून मोजलेल्या सालावर, चालायचा. हैदराबाद संस्थानात हे साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझूर महिन्यापासून बदलायचं, आणि त्यात 590 मिळवले की साधारण इसवी सन येतो. मराठवाड्यात जमिनीची जुनी कागदपत्रं हाताळणाऱ्या तलाठ्याला, वकिलाला हे तोंडपाठ असतं. पण दगडावर तेच साल दिसलं की कुणाच्या लक्षात येत नाही.

चौथा आकडा मात्र आम्ही दिवसा पाहून थकलो. रात्री शिडी लावली आणि टॉर्च शिळेला जवळजवळ टेकवून आडवा धरला. तसा उजेड पडला की बोथट झालेली रेघसुद्धा सावली टाकते. आकड्याची उभी दांडी दिसली. उर्दूत एकाला नुसती दांडी असते. दोन, तीन आणि चार यांनाही दांडी असतेच, फरक फक्त माथ्याला उजवीकडे निघणाऱ्या फाट्यांचा, आणि नेमका तोच भाग उडालेला. नऊलाही दांडी असते, पण त्याची गाठ डावीकडे खाली उतरते, आणि डावीकडचा दगड शाबूत आणि कोरा आहे. म्हणजे नऊ नाही. फसली 1331 ते 1334 यांपैकी एक. इसवी सनात 1921 च्या ऑक्टोबरपासून 1925 च्या ऑक्टोबरपर्यंत. याहून बारीक मला सांगता येत नाही, आणि पुढे अंदाजाने एखादं साल ठोकून देण्याची इच्छाही नाही.

कारण या चार वर्षांतच सगळं कोडं सुटतं. एवढ्याशा गावात एवढी मोठी अदालत कशाला, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी 1865 मध्ये संस्थानात जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत आखणी केली, कारभाराची घडी बसवली. तरी तालुक्याला तहसीलदाराच्या हातात वसुलीही होती आणि न्यायही. ज्याने सारा थकला म्हणून तुमचा बैल सोडवून नेला, त्याच्याच कचेरीत, त्याच्याच समोर दाद मागायची. मग 1921 मध्ये सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने न्यायखातं कारभारापासून वेगळं झालं. ब्रिटिश हिंदुस्थानात या मागणीवर नुसत्या चर्चा चालल्या होत्या, तेव्हा हैदराबादने ते करून टाकलं. त्याआधी वर्षभर, 1920 मध्ये, हैदराबादेत मुसी नदीच्या काठी उच्च न्यायालयाची घुमटांची भव्य इमारत सुरू झाली होती.

मुन्सफीचा नकाशा या पार्श्वभूमीवर पाहिला की डोळ्यांत भरतो. जुनी तहसील कचेरी रस्त्याच्या पलीकडे आहे, बसकी, पडवीची. मुन्सफी तिच्याकडे पाठ करून उभी आहे. दोघींत आत-बाहेर करायला दार नाही, सामाईक आवार नाही. न्यायाधीशांचं दार वेगळं, पक्षकारांचं वेगळं. जोतं एवढं उंच की कचेरीच्या पडवीतून पाहणाऱ्याला मान वर करावी लागावी. हे मी कागदावरून सिद्ध करू शकत नाही, पण माझं मत पक्कं आहे : ही उंची डौलासाठी घातलेली नाही. तहसीलदाराच्या दारातून मुन्सफ बाहेर पडला, हे अडाणी माणसालाही लांबून दिसावं, यासाठी ती आहे.

आत गेल्यावर मी एका गोष्टीपाशी बराच वेळ उभी राहिले. छताच्या गर्डरांना ओळीने लोखंडी कड्या आहेत, झालरीच्या पंख्याच्या. मागच्या भिंतीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मुठीएवढं भोक आहे. पंख्याची दोरी त्यातून मागच्या पडवीत जायची आणि तिथे बसून एक माणूस ती ओढायचा. भोकाच्या खालच्या कडेला दगडात बोटभर खोल खाच पडली आहे. काळ्या पाषाणात, सुताच्या दोरीने. आत कुणाचे खटले चालले याच्या मिसली, म्हणजे फाइली, कुठेतरी असतील. हा माणूस कुठल्याच मिसलीत नाही, त्याची ही एवढी खाच आहे.

कुणाची भाषा, कुणाची अदालत

गावात एक गट ठाम होता : निजामाची निशाणी आहे, पाडा. त्यांचं म्हणणं मी झिडकारलं नाही. या इमारतीत न्याय मिळाला असेल, पण तो उर्दूत मिळाला. संस्थानाच्या कारभारातून फारसी 1884 च्या सुमारास गेली आणि उर्दू आली. मराठी शेतकऱ्याला दोन्ही सारख्याच परक्या. माझ्या आजोबांचा बांधाचा दावा अशाच एका मुन्सफीत चालला होता. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण ते त्यांना कळलं तिसऱ्या दिवशी, अर्ज लिहून देणाऱ्या अर्जनवीसाने हाली सिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या चलनातला, रुपया घेऊन वाचून दाखवल्यावर. तीन दिवस ते हरलो समजून जेवले नव्हते. घरात ही गोष्ट अजून सांगितली जाते, आणि सांगताना हसत कुणीच नाही.

रझाकारांच्या काळात संस्थानातल्या कित्येक वकिलांनी अदालतींवर बहिष्कार घातला. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गात शिरलं आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तरी मुन्सफीची दारं पुढे पुन्हा उघडलीच, फक्त वरची अदालत बदलत गेली. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि अपिलासाठी हैदराबादचा रस्ता धरणारा पक्षकार मुंबईची गाडी शोधू लागला. औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ 1981 मध्ये बसलं, 27 ऑगस्ट 1984 ला कायम झालं. तोवर मधली पंचवीस वर्षं मराठवाड्यातल्या गरीब माणसाला वरचा न्याय परवडतच नव्हता, असं जुने वकील आजही पोटतिडकीने सांगतात.

या वादावर निकाल दिला तो एका ऐंशीच्या घरातल्या आजींनी. बैठक वऱ्हांड्यातच चालू होती. त्या उठून दालनात गेल्या, आरोपीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माझ्या बापाला हातकड्या घालून हितं उभं केलं हुतं. त्यो निजामाला भ्याला न्हाई. तुमी ही जागाच पाडली तर त्यो कुठं उभा हुता म्हनून म्या नातवाला काय दाखवू?’ विरोधी गटातल्या दोघांनी त्यानंतर हरकत मागे घेतली. एक शेवटपर्यंत विरोधात राहिला आणि तसं त्याने नोंदवूनही घेतलं.

निर्णय अर्धाच आपल्या बाजूने झाला. दालन, वऱ्हांडा आणि न्यायाधीशांची खोली राखायची, गाळे मागच्या मोकळ्या जागेत. पण ‘मागची मोकळी जागा’ मोकळी नव्हती. तिथे अभिलेख कक्ष होता, लोखंडी झडपांच्या खिडक्या असलेला. ठरावाची प्रत हातात येण्याआधी एका शनिवारी जेसीबी आला आणि सोमवारी मी पोचले तेव्हा तिथे ढिगारा होता. कागद आधीच जिल्ह्याला गेले होते, तेवढं बरं. पण त्या खोलीचं मोजमाप मी पुढच्या फेरीवर ढकललं होतं. ती चूक माझी आहे, आणि तिची नोंद अहवालाच्या पहिल्या पानावर आहे.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळ चुन्याने खाल्ला. आवारातच हौद खणून कळीचा चुना विरवला, महिनाभर पाण्याखाली ठेवला. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळणी करणारा कारागीर शेवटी तुळजापूरकडून मिळाला, सत्तरी ओलांडलेला. त्याने आमच्या दोन पोरांना शिकवलं. छतावरचे सिमेंट-डांबराचे थर छिन्नीने काढले, ट्रॉल्याच्या ट्रॉल्या माल निघाला, तेवढं ओझं गर्डरांवरून उतरलं. उतार पुन्हा दिला, पन्हाळी मोकळ्या केल्या. पिंपळ वरवर न छाटता मुळासकट काढला आणि गावाच्या ओढ्याकाठी लावला. आतल्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा उतरवल्यावर आठवडाभर भिंतीतून ओल बाहेर येत राहिली, हात लावला की गार लागायची. शिळेला आम्ही हात लावला नाही. मोडका आकडा सिमेंटने भरून ‘एक’ करून टाकावा अशी सूचना आली होती, ती ऐकली नाही.

न्यायाधीशांच्या खोलीवरचे दोन गर्डर अजून टेकूवर आहेत. ते बदलायचे की टोकं जोडायची, यावर माझं आणि दुसऱ्या अभियंत्याचं एकमत झालेलं नाही. स्वच्छतागृह कोपऱ्यापासून लांब हलवलं, पाइप नवी टाकली, पायाशी दगडी फरसबंदी करून पाणी बाहेर काढलं. तड्यावर काचेच्या चार नव्या पट्ट्या लावल्या. परवा, मृगापासून परतीच्या पावसापर्यंत सगळा पावसाळा अंगावर घेतल्यावर, बेलिफ काकांनी मोबाइलवर फोटो पाठवला. तीन पट्ट्या शाबूत आहेत. चौथीला केसाएवढी चीर आहे, आणि काकांनी तिच्याशेजारी स्वतःच पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे.